फ्युसेलीचं मॅकबेथ जोडपं: चित्र वाचायचं कसं आणि तालमीत आणायचं कसं

प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकचा एक हौशी नाट्यगट राज्य नाट्य स्पर्धेसाठी शिरवाडकरांच्या ‘राजमुकुट’मधला, म्हणजे शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’च्या मराठी रूपांतरातला, राजाच्या खुनानंतरचा प्रसंग बसवतोय. दिग्दर्शकाने तालमीच्या खोलीत हेन्री फ्युसेलीच्या चित्राची प्रिंट लावली आहे. मॅकबेथ रक्ताळलेले दोन खंजीर घेऊन उभा आहे आणि त्याची बायको ते घ्यायला झेपावली आहे, असं ते चित्र. दिग्दर्शकाला ‘अगदी हीच पोझ’ हवी आहे. अभिनेत्रीचं म्हणणं असं की चित्रातली बाई निव्वळ कजाग दिसते आणि नवरा निव्वळ भेदरट, मग करायला उरतं काय? तर चित्रकार या नवरा-बायकोबद्दल नेमकं काय सांगतोय आणि त्यातलं रंगमंचावर काय घ्यावं, असं विचारलं आहे.

अभिनेत्रीची शंका रास्त आहे, पण दोष चित्राचा नाही. चेहऱ्यांपासून सुरुवात केली की हे चित्र कजाग बायको आणि भेदरट नवरा एवढंच सांगतं. हातांपासून सुरुवात केली की वेगळी गोष्ट दिसायला लागते: दोघांनी मिळून अंगावर घेतलेलं एक काम अर्धवट राहिलंय (खंजीर पहारेकऱ्यांपाशी ठेवायचे राहिलेत) आणि ते एकाकडून दुसरीकडे जातंय. या संसारातला हा शेवटचा जवळचा क्षण आहे. चित्राचं सगळं बळ त्यात आहे आणि तुमच्या प्रसंगाचंही त्यातच असायला हवं.

आधी चित्राची माहिती पक्की करून घेऊ, कारण फ्युसेलीने हा प्रसंग एकदाच रंगवलेला नाही. तो मूळचा झुरिकचा, जन्म 1741 चा, आधी धर्मोपदेशकाची दीक्षा घेतलेला, नंतर लंडनमध्ये स्थायिक होऊन रॉयल अकॅडमीत चित्रकलेचा प्राध्यापक झालेला. लंडनला आल्यावर त्याने डेव्हिड गॅरिक आणि हॅना प्रिचर्ड या गाजलेल्या नटांच्या जोडीचा हा प्रसंग सुमारे 1766 मध्ये जलरंगात केला. ते छोटं चित्र आज झुरिकच्या कुन्स्टहाउस या कलासंग्रहालयात आहे. त्यात नट नट म्हणूनच ओळखू येतात, अंगावर त्या काळचे दरबारी कपडे आहेत. तुमच्या भिंतीवरचं चित्र मात्र दुसरं आहे: 1812 च्या सुमाराचं तैलचित्र, लंडनच्या टेट संग्रहातलं, 101.6 बाय 127 सेंटिमीटर, आडवं. तोवर गॅरिक आणि प्रिचर्ड दोघंही कधीच वारले होते. तोच प्रसंग चाळीसहून अधिक वर्षांनी पुन्हा हाती घेताना फ्युसेलीने कोट गाळला, दालनाची सजावट गाळली, ओळखीचे चेहरे गाळले. राहिला अंधार, एक दार, दोन फिकट देह आणि दोन खंजीर. चित्र अपुरं वाटावं इतकं मोकळ्या, भरभर फटकाऱ्यांत केलंय. पण काय गाळलं ते एकदा कळलं की हा उरकण्याचा भाग नाही हे पटतं.

मधल्या काळात झोफनी नावाच्या चित्रकारानेही याच जोडीचा हाच प्रसंग रंगवला, सुमारे 1768 मध्ये. हाच झोफनी पुढे हिंदुस्थानात येऊन लखनौला राहिला. त्याच्या चित्रात खंजीर बाईच्या हातात आलेले आहेत आणि दोन थोर नट आपापली अदाकारी दाखवतायत. ते नाट्यगृहाच्या इतिहासासाठी अमोल आहे. नवरा-बायकोबद्दल ते फार काही सांगत नाही, कारण खंजीर घेऊन झालेले आहेत. देणं-घेणं संपलंय. फ्युसेलीने मात्र घ्यायच्या आधीचा क्षण धरला. रंगमंचावर काम करणाऱ्याला या दोन क्षणांतला फरक लगेच जाणवेल: एकात निकाल लागलाय, दुसऱ्यात अजून लागायचाय.

आता चित्र प्रत्यक्ष पाहण्याबद्दल. भिंतीवरची प्रिंट बहुधा ए-थ्री आकाराची असेल. चित्राचं प्रमाण चारास पाच आहे आणि ए-थ्री कागद त्यापेक्षा लांबट असतो. दुकानदाराने ‘पूर्ण पान भरा’ हा पर्याय ठेवला असेल तर वरखालून मिळून जवळजवळ चार सेंटिमीटर चित्र कापलं गेलंय. म्हणजे डोक्यावरचा अंधार किंवा पायांखालची जमीन गेली, आणि या चित्रात दोन्ही लागतात. ‘पानात बसवा’ म्हणून सांगा, दोन्ही बाजूंना अडीच-अडीच सेंटिमीटरची पांढरी पट्टी राहू द्या. कागद मॅट घ्या. चकचकीत कागदावर ट्यूबलाइटचा पट्टा नेमका काळ्या भागावर पडतो आणि मागच्या दाराची कड दिसेनाशी होते. छापण्यापूर्वी गडद भाग थोडा उजळवून घेतला तर ती कड सापडते. आणि प्रतिमा उलटी तर झाली नाही ना, ते बघा. मॅकबेथ पाहणाऱ्याच्या डावीकडे, बाई उजवीकडे. मोबाइलवरून फिरत आलेल्या प्रतिमा कधी कधी आरशासारख्या उलट्या असतात, आणि इथे उलट होणं महागात पडतं, त्याचं कारण पुढे येतंच.

मग पहिल्या दिवशी नटांना चित्राबद्दल काही सांगू नका. दोन छोटे कागद घ्या आणि दोघांचे चेहरे झाका. उरलेल्या चित्राकडे पाहून प्रत्येकाने फक्त हातांबद्दल बोलायचं. त्याचे दोन्ही हात खंजिरांनी भरलेले, मुठी आवळलेल्या. हे हात काही करत नाहीयेत, फक्त धरून आहेत. तिचा एक हात पुढे आलेला, दुसऱ्याचं बोट ओठांवर. म्हणजे चार हातांपैकी दोन अडकलेले, एक मागणारा, एक गप्प करणारा. आता स्वतःला विचारा: पुढे आलेला हात फक्त हुकूम सोडणारा आहे का? ज्याला हुकूमच सोडायचा आहे तो जागेवर उभा राहून हात लांब करतो. ही बाई अख्खं अंग घेऊन आलीय. तोल पुढच्या पायावर गेलाय, वस्त्र मागे राहिलंय. ती भाराखाली अडकलेल्या माणसाकडे धावलीय. त्यात संताप आहे, भीतीही आहे, आणि ‘आण इकडे, मी धरते’ हेही आहे. हे तिन्ही एका झेपेत मावतं, म्हणून ते चित्र थोर.

मूळ नाटक इथे आधाराला येतं. त्या खंजिरांना तिचा हात पहिल्यांदा लागत नाहीये. पहारेकऱ्यांचे खंजीर आपणच तयार करून ठेवले, त्याला ते दिसले नसतील असं होणारच नाही, असं ती तो यायच्या जरा आधी म्हणते. झोपलेला राजा आपल्या बापासारखा दिसला नसता तर आपणच हे उरकलं असतं, असंही म्हणते. दारू पिऊन हिंमत आणलीय, तेही कबूल करते. आणि तो समोर येताच तिची पहिली हाक ‘माझा नवरा!’ अशी आहे. नावाने नाही, पदवीने नाही. एवढ्या सगळ्या कबुलीनंतर तिला पाषाणहृदयी म्हणणं म्हणजे संहिता न वाचणं आहे. सारा सिडन्स ही त्या काळची सर्वांत मोठी लेडी मॅकबेथ. तिने रंगमंचावर ही भूमिका भव्य आणि दरारा वाटेल अशी केली, पण स्वतःच्या टिपणात मात्र ही बाई गोरी, नाजूक बांध्याची असावी असं लिहून ठेवलं. तिने 1812 मध्ये याच भूमिकेने निरोप घेतला, म्हणजे फ्युसेलीचं चित्र आलं त्याच सुमाराला. ‘राजमुकुट’ रंगमंचावर आलं 1954 मध्ये, त्यात ही भूमिका दुर्गा खोटे यांनी केली. इतक्या ताकदीच्या अभिनेत्री या भूमिकेकडे ओढल्या जातात, त्या काही एकसुरी खलनायिका रंगवायला नाहीत.

आता नवऱ्याकडे. चेहऱ्यांवरचे कागद काढा आणि डोळे किलकिले करून पाहा. बारीकसारीक तपशील पुसले जातात आणि राहतात ते फक्त उजेडाचे दोन ठिपके. मॅकबेथचा देह करडा, पारदर्शक वाटेल असा, कपडे अंगाला चिकटलेले की अंगच उघडं हे कळू नये असा. कातडी सोलून काढल्यासारखा दिसतो तो. लालसर काही असेल तर ते फक्त रक्त. या प्रसंगात बाई एक विलक्षण वाक्य बोलते. खंजीर मागताना ती म्हणते की झोपलेली आणि मेलेली माणसं नुसत्या चित्रांसारखी असतात, आणि रंगवलेल्या सैतानाला घाबरतात ते लहान मुलांचे डोळे. फ्युसेलीसारख्या, शेक्सपिअर तोंडपाठ असलेल्या चित्रकाराच्या हाती हे वाक्य पडल्यावर त्याने काय केलं पाहा. आत मेलेला राजा त्याने दाखवलाच नाही. ‘चित्रासारखं’ झालेलं माणूस त्याने बाईसमोर उभं केलं, आणि ते माणूस तिचा नवरा आहे. जिवंत असून मेल्यासारखा, भुतासारखा. ज्याला घाबरू नको म्हणून ती सांगते तेच तिच्यासमोर खंजीर घेऊन उभं आहे, आणि त्याला हात लावल्याशिवाय तिचं भागणार नाही. मला या चित्राचा गाभा इथे वाटतो. तिचं धाडस मृतदेहाजवळ जाण्याइतकंच या माणसाजवळ जाण्याचंही आहे.

म्हणून मॅकबेथ भेदरट नाही, हे नटाला समजावून सांगा. भेदरट माणूस मागे सरकतो, खंजीर टाकून देतो. याला ते टाकताही येत नाहीत. मुठी आवळल्या आहेत त्या तशाच राहिल्या आहेत. तो परत आत जायला तयार नाही आणि हातातलं सोडायलाही तयार नाही. दोन्ही बाजूंनी अडलेला माणूस दाखवणं हे थरथर कापण्यापेक्षा कितीतरी अवघड काम आहे. थरथर तर कोणीही करतो.

हे सगळं पाहून झालं की एक तालीम चित्र काढण्यात घालवा. चित्रकार नसलात तरी. खाकी क्राफ्ट कागद सोळा बाय वीस इंचाचा कापा, प्रमाण बरोबर चारास पाच येतं. कोळशाची कांडी आडवी धरून पूर्ण कागद काळा करा, फडक्याने पुसून सारखा करा. मग मऊ खोडरबराने उजेड काढत जा: आधी त्याचा देह, मग तिचा झेपावणारा तिरका आकार, मग हात. बाह्यरेषा काढायची नाही. बाह्यरेषा काढली की माणसं कात्रीने कापून चिकटवल्यासारखी दिसतात, आणि या चित्रात ती अंधारातून वर येतात, अंधाराला चिकटलेलीच राहतात. पांढरा खडू दोघांवर सारखा वापरू नका. एका जागी भर द्या, दुसऱ्या जागी मोडा. लाल खडू सर्वांत शेवटी आणि फक्त खंजिरांवर. आधी लावलात तर डोळा तिथून हलतच नाही आणि बाकी चित्र कच्चं राहतं. चाळीस मिनिटं पुरतात. जो नट हे करतो त्याच्या खांद्याला ती झेप कळते, नुसतं बघून ती कळत नाही.

आता दिग्दर्शकाच्या ‘हीच पोझ’बद्दल. इथे मोठी अडचण आहे. फ्युसेलीने नाटकातले दोन वेगवेगळे क्षण एका चौकटीत घातले आहेत. ओठांवरचं बोट हे प्रसंगाच्या सुरुवातीचं आहे: घुबड ओरडलं, कोणी ऐकलं का, कोणी जागं झालं का, ही धाकधूक. पुढे आलेला हात मात्र बराच नंतरचा. मूळ नाटकात मॅकबेथ ‘काम झालं’ म्हणून येतो त्यापासून ती ‘हे खंजीर तिथून का आणलेस’ असं विचारते तोपर्यंत तीस-चाळीस ओळींचा संवाद आहे. मधे तो आतल्या माणसांच्या प्रार्थनेबद्दल बोलतो, आपल्याला ‘आमेन’ म्हणता आलं नाही हे सांगतो, झोपेचा खून झाल्याची हाक ऐकू आल्याचं सांगतो. चित्राची पोझ जशीच्या तशी प्रवेशालाच घेतली तर हा सगळा संवाद अडकतो. बाईला खंजीर दिसलेच आहेत, मग ती एवढा वेळ गप्पा कसल्या मारतेय, असा प्रश्न शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही पडेल. रूपांतरातल्या ओळी स्वतः मोजून घ्या, पण प्रसंगाची घडण तीच आहे.

म्हणून चित्र फोडा. बोटाची खूण प्रवेशाला, हाताची झेप मागणीला. मधल्या वेळात खंजीर प्रेक्षकांना दिसले पाहिजेत आणि तिला दिसता कामा नयेत. सोपा मार्ग असा की मॅकबेथ दारातून बाहेर येतो तेव्हा पाठ तिच्याकडे, तोंड प्रेक्षकांकडे, दोन्ही मुठी मांड्यांशी. तो आपले हात बघतो, ती त्याची पाठ बघते. बोलताना तो वळत वळत शेवटी तिच्यासमोर येतो तेव्हा खंजीर उघड होतात आणि तिथे झेप. शालीखाली खंजीर लपवणं हा दुसरा मार्ग सगळे सुचवतात. तो टाळा. लपवलं म्हणजे त्याला भान आहे असं होतं, आणि भान नसणं हेच तर त्याचं त्या क्षणीचं सत्य आहे.

ओठांवरच्या बोटाबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडे उभं बोट ओठांसमोर धरलं की बालवाडीतली ‘चूप’ आठवते आणि प्रेक्षागृहात हमखास कुठेतरी खसखस पिकते. बोट ओठांना टेकलेलं असू द्या, जरा तिरकं, हनुवटी खाली, आणि एका श्वासाच्या आत खाली घ्या. ती त्याच्याइतकंच स्वतःलाही गप्प करतेय.

झेप कशी बसवायची ते पाहू. चित्रात ती उजवीकडून डावीकडे जाते. आपण वाचतो डावीकडून उजवीकडे, त्यामुळे नजरेच्या सवयीच्या उलट दिशेने येणारी हालचाल अडखळत, जोर लावून आल्यासारखी वाटते. प्रतिमा उलटी झाली की ती सहज वाहून जाते, म्हणून वर बजावलं. रंगमंचावरही दार प्रेक्षकांच्या डावीकडे ठेवा. ‘डावं-उजवं’ बोलताना नटाचं की प्रेक्षकांचं हे पहिल्याच दिवशी ठरवून भिंतीवर लिहा, नाहीतर नेपथ्यवाला दार भलतीकडेच लावून मोकळा होतो.

पावलं तीन. दोन चालण्याची, तिसरं लांब, गुडघा वाकवून, तोल पुढच्या पायावर. बोटं आणि खंजिराची मूठ यांत एक वीत अंतर राहील तिथे थांबा. दोन मोजा. हे दोन मोजणं म्हणजे चित्र. त्याहून जास्त थांबलात तर प्रेक्षकाला कळतं की आता ‘देखावा’ चाललाय, आणि टाळ्या पडण्याची भीतीही असते. मग घेणं. आधी त्याची उजवी मूठ, मग डावी. दर वेळी पहिल्यांदा मनगट धरायचं, मग मूठ उघडवायची, मग खंजीर मुठीकडून घ्यायचा, पातं जमिनीकडे. मूठ सहज उघडू नये. बोट बोट उघडावं लागलं तर हे जोडपं प्रेक्षकाला एका संवादाविना कळेल, कारण एकमेकांच्या हातांना त्यांचा स्पर्श होतो तो इथेच. पहिले काही दिवस लाकडी पट्ट्यांनी तालीम करा. प्रयोगाचे खंजीर लाकडाचे किंवा अॅल्युमिनियमचे, टोक गोल घासलेलं, एकूण लांबी बारा इंचांच्या आसपास. चंदेरी कागद लावू नका, दिव्याखाली तो चमकतो आणि खेळण्यातला वाटतो. करडा मॅट रंग पुरे.

पोशाख नऊवारीचा असेल तर झेपेला तो वरदान आहे, काष्ट्यामुळे पाय मोकळे असतात. सहावारी असेल तर लांब पाऊल दोन फुटांपलीकडे जात नाही आणि निऱ्या पायात येतात. मग पाऊल लहान ठेवा आणि झुकणं वाढवा. पदराचं सव्वा मीटर तरी टोक खांद्यावरून मोकळं सोडा. चित्रातलं मागे राहिलेलं वस्त्र तेच काम करतं: अंग पुढे पोहोचलं, कापड अजून पोहोचायचंय, म्हणजे वेग आहे. पदर खोचलात की वेग गेला. पिना लावायच्याच असतील तर फक्त खांद्याच्या शिवणीवर एक.

नेपथ्यात फ्युसेलीचं दार फार महत्त्वाचं आहे आणि नाशिककरांना ते शोधायला लांब जायला नको. पंचवटीतल्या, जुन्या नाशकातल्या वाड्यांचे दरवाजे बघून या. जाड चौकट, ठेंगणी उंची, ठसठशीत उंबरठा. अशा दारातून माणूस वाकल्याशिवाय बाहेर येत नाही. चौकट साडेपाच फुटांची करा, उंबरठा सहा इंचांचा. मॅकबेथचं एक पाऊल उंबरठ्याबाहेर आणि एक आत, असा तो खंजीर देईपर्यंत राहिला तर चित्रातलं त्याचं अडलेपण फुकटात मिळतं. नंतर ती त्याच उंबरठ्यावरून आत जाते, तो बाहेर एकटा राहतो, आणि तेवढ्यात बाहेरच्या दरवाजावर थापा सुरू होतात.

प्रकाशात हमखास होणारी एक चूक सांगतो. रात्र म्हणून सगळीकडे निळा मारला जातो. निळ्या जेलमधून (दिव्यापुढे लावायच्या रंगीत पारदर्शक कागदातून) लाल प्रकाश जवळजवळ येतच नाही, आणि लाल वस्तू लाल दिसायला लाल प्रकाश परतावा लागतो. परिणाम असा की रक्त काळं दिसतं, खंजिरांना डांबर फासल्यासारखं. चित्रात लाल हाच एकमेव रंग आहे आणि तुमच्याकडे नेमका तोच नाहीसा होतो. मार्ग असा: दाराच्या आतून, मॅकबेथच्या पाठीमागून एक थंड दिवा, ली कंपनीचं 201 नंबरचं निळसर जेल, साधारण चाळीस टक्के. बाईवर प्रेक्षकांच्या उजव्या बाजूने, खांद्याच्या उंचीवरून एक आडवा दिवा, फिकट ली 202 किंवा विनाजेल, तीस टक्के. आणि समोरून उंचावरून एक प्रॉफाइल (कडा कापता येणारा झोताचा दिवा), जेल न लावता, शटर कापून फक्त जिथे हात भेटतात त्या दोन बाय दोन फुटांच्या जागेवर, पंधरा ते वीस टक्के. हा तिसरा दिवा नसेल तर बाकीच्या दोघांना अर्थ नाही. समोरचा सरसकट वॉश (सगळ्या रंगमंचावर सारखा पसरणारा उजेड) बंद ठेवा, तो लावला की दोघं सपाट होतात. साईखेडकर नाट्यगृहात असो की कालिदासमध्ये, दिवे लावायला मिळणारा वेळ बेताचा असतो. म्हणून या तीन दिव्यांची जागा कागदावर आखून, नटांच्या उभं राहण्याच्या जागा टेपने मारून मगच जा.

रक्तासाठी: शंभर मिली लिक्विड ग्लुकोज, पंचवीस मिली पाणी, अर्धा चमचा लाल खाद्यरंग, पाव चमचा कोको पावडर, निळ्या खाद्यरंगाचा एकच थेंब. कोको नसेल तर रक्त सरबतासारखं दिसतं. भांडी घासायच्या द्रवाचे चार थेंब टाकलेत तर कपड्यांवरून सुटायला मदत होते, मात्र ते मिश्रण तोंडाजवळ वापरू नका. पांढऱ्या सुतीवर खाद्यरंग तरीही डाग सोडू शकतो, म्हणून कापडाच्या तुकड्यावर आधी बघा. खंजिराच्या पात्यावर तालमीतच एकदा लावून वाळवून घ्या, वर प्रयोगाच्या वेळी पातळ हात. ओघळ मुठीपर्यंत आले तर मूठ बुळबुळीत होते आणि देताना खंजीर सुटतो.

एक गोष्ट अभिनेत्रीसाठी, कारण प्रश्न मुळात तिचा आहे. आत जाऊन परत आल्यावर तिचेही हात रक्ताचे असतात. ती म्हणते, माझे हात आता तुझ्याच रंगाचे, पण तुझ्यासारखं पांढरंफटक काळीज बाळगायची मला लाज वाटेल. हे वाक्य टोमणा म्हणून फेकायची सवय आहे. फ्युसेलीचं चित्र डोळ्यासमोर ठेवून ते म्हणून पाहा. तिथे पांढराफटक तो खरोखरच आहे, आणि ती त्याच्या रंगाची व्हायला धावलीय. टोमण्याखाली ‘आता आपण सारखे झालो’ असं सांगणं आहे. थोडं पाणी पुरेल, असं ती पुढे म्हणते, तेही त्याला सावरायलाच.

आणि दिग्दर्शकाला हे जोडपं पुढे कुठे जातं ते दाखवायचं असेल तर फ्युसेलीचंच एक जुनं चित्र शेजारी लावा. पॅरिसच्या लूव्ह्र संग्रहालयातलं, 1780 च्या दशकातलं, झोपेत चालणारी लेडी मॅकबेथ. सव्वादोन मीटर उंच, हातात मशाल, दुसरा हात पुढे. तोच पुढे आलेला हात, पण समोर नवरा नाही. आसपास फक्त वैद्य आणि दासी. मूळ नाटकात मेजवानीच्या प्रसंगानंतर हे दोघं पुन्हा कधीच एकत्र रंगमंचावर येत नाहीत. ती मेल्याची बातमी त्याला दुसऱ्याच कोणाकडून कळते. चित्रकार सार्जंटने 1889 मध्ये लेडी मॅकबेथच्या भूमिकेत रंगवलेली अभिनेत्री एलन टेरी, भुंग्यांच्या हिरव्या पंखांनी मढवलेल्या झग्यात डोक्यावर मुकुट उचलून धरलेली, ती पण एकटीच आहे. तो क्षण तर नाटकात नाहीच. देखणं चित्र आहे, पोशाखवाल्याला जरूर दाखवा. पण नवरा-बायकोच्या प्रसंगासाठी ते भिंतीवर लावू नका, नाहीतर अभिनेत्री पुन्हा एकटीच उभी राहायला लागेल.

तालमींचा क्रम असा ठेवा: पहिला दिवस चेहरे झाकून चित्रवाचन, दुसरा कोळसा, तिसऱ्या दिवसापासून लाकडी पट्ट्या घेऊन फक्त देणं-घेणं, संवादाशिवाय. तिघं-चौघं सांगतील की आधी संवाद पाठ होऊ दे. तसं केलंत तर हात संवादाला चिकटतात, प्रत्येक शब्दाला एक हातवारा होतो आणि त्या मुठी आवळलेल्या राहत नाहीत. आधी मुठी बसू द्या, संवाद त्यांच्यावर चढवा. सुमारे आठवड्याने प्रिंट भिंतीवरून काढून टाका. ती समोर असेपर्यंत दोघंही तिची नक्कल करत राहतात, आणि एकमेकांकडे बघायचं राहून जातं.